लंगोट धुऊ नका, तसाच घेऊन या

तान्ह्या बाळाच्या लंगोटावर रक्ताचा डाग दिसला की घरात सगळ्यात आधी तो लंगोट पाण्यात जातो. बाळंतिणीनं पाहू नये, उगीच घाबरू नये, शेजारपाजारी बोलणं होऊ नये म्हणून कुणीतरी तो गुपचूप खळबळून टाकतं. डायपर असेल तर पिशवीत गुंडाळून कचऱ्यात जातो. मग दुसऱ्या दिवशी, नाहीतर तिसऱ्या दिवशी, बाळाला घेऊन मंडळी दवाखान्यात येतात. डॉक्टर विचारतात, रक्त किती होतं? लाल होतं की काळं? शीत मिसळलेलं होतं की वरून लागलेलं? सोबत चिकट आव होती का? यातल्या एकाही प्रश्नाचं धड उत्तर कुणाकडे नसतं. आजीला वाटतं थोडंसं होतं, बाबांना वाटतं पुष्कळ होतं, आणि आईनं तर पाहिलेलंच नसतं.

म्हणून वसई-विरारच्या प्रत्येक घराला ही कळकळीची विनंती. बाळ महिन्याच्या आतलं असेल आणि शीत रक्त दिसलं, तर तो लंगोट किंवा डायपर जसाच्या तसा स्वच्छ प्लास्टिकच्या पिशवीत घाला, तोंड बांधा आणि बाळासोबत त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. मोबाइलवर चांगल्या उजेडात एक फोटो काढा. किती वाजता शी झाली ते लिहून ठेवा. बाळ हसतंय-खेळतंय, दूध पितंय, म्हणून दोन दिवस वाट पाहू नका. आणि बाळ मलूल असेल तर संध्याकाळच्या ओपीडीचीसुद्धा वाट पाहू नका.

एवढी घाई कशासाठी, ते एका हिशोबात कळेल. नवजात बाळाच्या अंगात दर किलोमागे साधारण ८० ते ८५ मिलिलिटर रक्त असतं. म्हणजे तीन किलोच्या बाळाच्या सगळ्या अंगात मिळून पाव लिटर. त्यातलं २५ मिलिलिटर, म्हणजे चहाचे पाच चमचे गेले, तर अंगातलं दहावा हिस्सा रक्त गेलं. मोठ्या माणसाच्या बाबतीत ज्याला आपण किरकोळ म्हणू, ते या जिवाच्या बाबतीत किरकोळ नसतं.

आता धीराची गोष्टही सांगायला हवी, कारण भीतीनं काम होत नाही. लंगोटावर लाल किंवा काळं दिसलेलं सगळंच बाळाचं रक्त नसतं. पहिले दोन-तीन दिवस बाळाची शी काळपट हिरवी, डांबरासारखी चिकट असते. ती पोटात असतानाची साठलेली शी, ती व्हायलाच हवी. चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत ती हिरवट होत होत पिवळी होते. पहिल्या काही दिवसांत लघवीच्या जागी विटकरी, गुलाबीसर भुकटीसारखा डाग पडतो, तो लघवीतल्या क्षारांचा असतो. मात्र चार-पाच दिवसांनंतरही तो दिसत राहिला तर बाळाला दूध कमी पडतंय असं समजा आणि दाखवा. मुलगी असेल तर पहिल्या आठवड्यात तिच्या लघवीच्या जागेतून पांढरा स्राव, कधी रक्ताचा एखादा थेंब येतो. आईच्या शरीरातल्या संप्रेरकांचा असर उतरत असतो, त्यानं हे होतं, आणि ते आपोआप थांबतं. पहिल्या पाळीची भीती घालणाऱ्या बायका असतात, त्यांचं मनावर घेऊ नका. लोहाचे थेंब सुरू असतील तर शी काळी होते. ही सगळी कारणं डॉक्टर लंगोट पाहून मिनिटभरात वेगळी करतात. घरी बसून अंदाज बांधण्यात मात्र अख्खा दिवस जातो.

दुसरं एक कारण फार वेळा आढळतं आणि ते ऐकून आईला रडू येतं, पण रडण्यासारखं त्यात काही नाही. ते रक्त बाळाचं नसतंच, आईचं असतं. बाळंतपणाच्या वेळी बाळानं आईचं रक्त गिळलेलं असतं, किंवा नंतर आईच्या स्तनाग्राला चिरा पडलेल्या असतात आणि दुधाबरोबर रक्त बाळाच्या पोटात जातं. मग बाळ लालसर उलटी करतं किंवा त्याची शी काळी होते. बाळ स्वतः अगदी ठणठणीत असतं. हे रक्त कुणाचं, हे ओळखायची एक साधी तपासणी आहे. लेनर्ड अ‍ॅप्ट या अमेरिकन डॉक्टरनं ती १९५५ मध्ये मांडली, म्हणून ती अ‍ॅप्ट टेस्ट. शीतलं किंवा उलटीतलं लाल रक्त पाण्यात कालवतात, गाळ खाली बसवून वरचं गुलाबी पाणी घेतात आणि त्यात सोडियम हायड्रॉक्साइडचे थेंब टाकतात. आईचं रक्त असेल तर दोनेक मिनिटांत पाणी पिवळट तपकिरी होतं. बाळाचं असेल तर गुलाबीच राहतं, कारण बाळाच्या रक्तातलं हिमोग्लोबिन वेगळ्या जातीचं असतं आणि ते त्या क्षाराला दाद देत नाही. पण यासाठी रक्त ताजं आणि लाल हवं. पोटात राहून काळं झालेल्या रक्ताची ही तपासणी होत नाही, आणि धुतलेल्या लंगोटाची तर कुठलीच होत नाही. सगळ्या दवाखान्यांत ही सोय नसते, हेही खरं. तरी डॉक्टर आईच्या छातीला चिरा आहेत का ते पाहतात आणि बरंचसं तिथंच उलगडतं. अशा वेळी अंगावरचं दूध बंद करायची गरज नसते. बाळ नुसतं स्तनाग्र तोंडात धरून ओढत असतं, म्हणून चिरा पडतात. भोवतीचा काळा भागही तोंडात जाईल असं धरायला नर्सबाईंकडून शिकून घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तुमच्या बाळाला जन्मल्यावर व्हिटॅमिन के-चं इंजेक्शन मिळालं का?

हा प्रश्न विचारला की बहुतेक आईवडील म्हणतात, सगळ्या सुया झाल्या. पण त्यांना आठवत असते ती बीसीजी, पोलिओचे थेंब आणि काविळीची लस. व्हिटॅमिन के ही लस नव्हे, त्यामुळे लसीकरणाच्या रकान्यात ती नसेलही. जन्मानंतर लगेच मांडीत एक मिलिग्रॅमची सुई देतात, एक किलोच्या आतल्या बाळाला अर्ध्या मिलिग्रॅमची. तिची नोंद डिस्चार्ज कार्डावर शोधावी लागते. शोधाच. रक्त गोठायला शरीराला व्हिटॅमिन के लागतं. आईकडून वारेतून ते बाळाला फारच थोडं मिळतं, आईच्या दुधातही ते कमी असतं, आणि मोठ्यांच्या आतड्यातले जे जंतू ते तयार करतात ते बाळाच्या आतड्यात अजून वस्तीला आलेले नसतात. आईनं कितीही पौष्टिक खाल्लं तरी ही तूट भरून निघत नाही. निसर्गानं असं का केलं हे कुणी सांगू शकत नाही, पण उपाय माणसाला सापडलेला आहे. बोस्टनच्या चार्ल्स टाउनसेंड या डॉक्टरनं १८९४ मध्ये अशा रक्तस्रावाच्या ५० बाळांची हकिकत लिहून ठेवली, तेव्हा इलाज नव्हता. पुढं डेन्मार्कच्या हेन्रिक डाम यांनी हे जीवनसत्त्व शोधलं, अमेरिकेच्या एडवर्ड डॉइझी यांनी त्याची रचना उलगडली, आणि १९४३चं नोबेल दोघांना मिळालं.

सुई मिळाली नाही तर काय होतं? साधारण दुसऱ्या ते सातव्या दिवसात बाळाच्या शीतून, नाळेच्या देठातून, नाकातून रक्त येऊ शकतं. सुई न मिळालेल्या दर दहा हजार बाळांत हे प्रमाण पंचवीसपासून एकशे सत्तरपर्यंत जातं. दिवस नीट पाहा. नॉर्मल बाळंतपण झालं तर दोन दिवसांत आई घरी येते. पाचवी पूजायची तयारी चाललेली असते, घरात पाहुणे असतात, आणि नेमक्या याच दिवसांत हा धोका असतो. दुसरा प्रकार याहून वाईट. तो दोन ते बारा आठवड्यांच्या बाळात, कधी सहा महिन्यांपर्यंत होतो. सुई न मिळालेलं, फक्त अंगावर पिणारं, गुटगुटीत बाळ एकाएकी झटके देतं, कारण रक्त थेट मेंदूत उतरलेलं असतं. अशा बाळांत आधी कधी कधी एखादी लहानशी खूण दिसून गेलेली असते. नाळेतून उगाच झिरपलेलं रक्त, अंगावर निळा डाग, नाकातून थेंब, शीत लाल रेघ. ती खूण म्हणजे मिळालेली एक संधी असते. लंगोटासोबत ती धुऊन टाकू नका.

जन्म घरी, रिक्षात, वाटेत झाला तर ही सुई राहून गेलेली असण्याची शक्यता फार. दिवाळीनंतर जव्हार, मोखाडा, विक्रमगडकडून वसई तालुक्याच्या पूर्वेला वीटभट्ट्यांवर कामाला येणारी कुटुंबं आहेत. त्यांच्यातल्या बाळंतिणी कधी भट्टीवरच्या झोपडीतच बाळंत होतात. भट्टीमालकांनो, मुकादमांनो, तुमच्याकडे बाळ जन्मलं तर त्याच दिवशी आशाताईंना फोन करा आणि बाळ-बाळंतिणीला आरोग्य केंद्रात पोचवा. जन्मावेळी राहिलेली सुई नंतरही देता येते, फक्त ती देणाऱ्यापर्यंत बाळ पोचलं पाहिजे. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येतात. घरी जन्मलेल्याकडे पहिल्या दिवशीही यायचं असतं. त्या आल्या की त्यांना चहा द्या आणि कार्डही दाखवा.

आणखी एक. गरोदरपणात फिट्सची किंवा क्षयाची गोळी चालू असेल, रक्त पातळ करायचं औषध चालू असेल, तर बाळंतपणाआधी डॉक्टरांना ते आवर्जून सांगा. यातल्या काही औषधांमुळे बाळाला पहिल्या चोवीस तासांतच रक्तस्राव होऊ शकतो. गोळी मनानं बंद करू नका, त्यात आईचाही जीव आहे आणि बाळाचाही.

आता घरच्या उपायांबद्दल, आणि हे आज्यांना उद्देशून आहे. आजी, तुमच्या हातांनी या घरातली पोरं वाढली, तुमच्या मायेवर कुणाचा आक्षेप नाही. पण बाळाला शी होत नाही म्हणून विड्याच्या पानाचा देठ एरंडेलात बुडवून शीच्या जागी घालणं थांबवा. साबणाची वडीही नको. ती कातडी इतकी नाजूक असते की तिथं चीर पडते, आणि मग पुढच्या शीला वरून लाल रेघ लागून येते. जे रक्त नव्हतं ते आपणच आणलेलं असतं. अंगावर पिणारं बाळ कधी दिवसात आठ-दहा वेळा शी करतं आणि महिना-दीड महिन्याचं झालं की कधी चार-पाच दिवस करत नाही. पोट मऊ असेल, बाळ पीत असेल, तर दोन्ही ठीक. सहाणेवर उगाळलेली गुटी, मध, ग्राइप वॉटर, जायफळ, मेडिकलवाल्यानं दिलेलं जुलाबाचं औषध, यातलं काहीही रक्त थांबवत नाही. मधातून तर वर्षाच्या आतल्या बाळाला घातक जंतूबाधा होऊ शकते. ‘उष्णता बाधली’ म्हणून थंडाई करत बसू नका, आणि दृष्ट काढायचीच असेल तर दवाखान्यातून आल्यावर काढा.

वरच्या दुधाचंही तसंच. वसईच्या पट्ट्यात तबेले जवळ आहेत, ताजं दूध दारात मिळतं, म्हणून दीड महिन्याच्या बाळाला ते पाजलं जातं. गाईच्या दुधानं एवढ्या लहान आतड्यातून नकळत रक्त झिरपू शकतं. काही बाळांना त्या दुधातल्या प्रथिनाची अ‍ॅलर्जी असते. बाळ दोन ते आठ आठवड्यांचं असतं, वजन वाढत असतं, चेहरा हसरा, पण शीत आव आणि रक्ताचे धागे. अंगावर पिणाऱ्या बाळालाही हे होतं, कारण आईनं घेतलेल्या दुधातलं प्रथिन तिच्या दुधातून उतरतं. अशा वेळी डॉक्टर आईला काही आठवडे दूध, दही, पनीर, पेढे बंद करायला सांगतात. फक्त तेवढंच बंद करायचं. आधीच बाळंतिणीच्या ताटातून निम्म्या भाज्या आणि डाळी काढून घेतलेल्या असतात, त्यात आणखी भर नको. गाईचं बाधलं म्हणून म्हशीचं किंवा शेळीचं सुरू करून काही साधत नाही, त्यांची प्रथिनं सख्खी भावंडंच. आणि आईचं दूध तोडू नका, बहुतेक मुलांची ही तक्रार वर्षाच्या आसपास निघून जाते.

इथवर वाचून कुणाला वाटेल, म्हणजे बहुतेक साधंच असतं की. पुष्कळदा असतं. पण खालची एक जरी गोष्ट दिसली तर साधं नाही, आणि तेव्हा हातातलं काम टाकून निघायचं.

हिरवी उलटी. दूध पिऊन पांढरी गुळणी टाकणं वेगळं, गर्द हिरवी उलटी वेगळी. काही बाळांची आतडी पोटात नीट बसलेली नसतात आणि जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यातच बहुधा ती स्वतःभोवती पिळतात. रक्तपुरवठा तुटतो. तेव्हा शीतून येणारं रक्त ही उशिराची खूण असते. हिरवी उलटी आधी येते. आतडं वाचवायला हातात काही तास असतात, दिवस नसतात. म्हणून नवजात बाळाची हिरवी उलटी रात्री दोन वाजता झाली तर रात्री दोनलाच निघा.

पोट फुगून घट्ट होणं. बाळ दूध ओढत नाही, हाक मारली तरी डोळे उघडत नाही, अंग ढिलं पडलंय. हातपाय गार, ओठ-तळवे पांढरे. ताप, म्हणजे १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त, किंवा उलट अंगच थंड पडणं. मिनिटाला साठ किंवा जास्त श्वास. टाळू फुगलेली किंवा खोल गेलेली. पिवळी शी सुरू झाल्यानंतर पुन्हा काळी चिकट शी. रक्ताची गुठळी किंवा चमचाभर रक्त. यातलं काहीही. बाळ कमी दिवसांचं, म्हणजे दिवस भरण्याआधी जन्मलेलं असेल तर याहूनही लवकर, कारण अशा बाळांच्या आतड्याला सूज येऊन ते सडण्याचा आजार होतो, आणि शीतलं रक्त ही त्याची एक खूण असते.

कमी दिवसांच्या बाळाच्या या आजाराविरुद्ध आईचं दूध हे फार मोठं संरक्षण आहे. बाळ पेटीत आहे, अजून ओढता येत नाही, म्हणून आईचं दूध वाया जाऊ देऊ नका. ते काढून, सांगितल्याप्रमाणे स्वच्छ भांड्यात, बाळापर्यंत पोचवा. दोन चमचे निघालं तरी पोचवा. मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये मातृदुग्धपेढी सुरू केली, आशियातली ती पहिली. जिचं दूध आलेलं नाही अशा आईच्या बाळाला दुसऱ्या आईचं दूध मिळावं म्हणून. ज्या आईला दूध जास्त येतं तिनं पेढीची चौकशी जरूर करावी.

निघायचं कसं आणि कुठं, हा आपल्याकडचा अवघड प्रश्न आहे. मुंबईचं मोठं रुग्णालय डोक्यात असतं. पण महामार्गावर वर्सोवा पुलाच्या अलीकडे गाड्या अडकल्या की रुग्णवाहिकाही अडकते, हे आपण सगळे जाणतो. म्हणून आधी जवळच्या, जिथं बालरोगतज्ज्ञ आहेत अशा रुग्णालयात जा. महापालिकेचं वसईचं सर डी. एम. पेटिट रुग्णालय आहे, नालासोपाऱ्यात तुळींजचं रुग्णालय आहे, बंगलीचं कार्डिनल ग्रेशियस रुग्णालय आहे. तिथं सलाइन लागतं, साखर तपासली जाते, व्हिटॅमिन के दिलं जातं, बाळ गरम ठेवलं जातं. पुढं शस्त्रक्रियेसाठी परळच्या वाडिया रुग्णालयासारख्या ठिकाणी न्यायचंच झालं, तर इथल्या डॉक्टरांना आधी तिथं फोन करू द्या आणि मग निघा. १०८ला फोन करा, त्याचे पैसे पडत नाहीत. सरकारी रुग्णालयात आजारी बाळाचा इलाज, औषधं, रक्त, नेण्या-आणण्याची गाडी हे सगळं जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली मोफत आहे. हा कार्यक्रम जून २०११ पासून आहे. आधी तीस दिवसांपर्यंतच्या बाळाला होता, नंतर तो वर्षापर्यंत वाढवला. कुणी पैसे मागितले तर कार्यक्रमाचं नाव घेऊन विचारा.

वाटेत बाळाला छातीशी, कातडीला कातडी लावून धरा, वर दुपटं घ्या, डोक्यावर टोपडं. हिरवी उलटी झाली असेल किंवा पोट फुगलं असेल तर वाटेत काही पाजू नका, एरवी अंगावर पाजत राहा. सोबत डिस्चार्ज कार्ड, माता-बाल संरक्षण कार्ड, आईच्या गोळ्यांची पाकिटं आणि तो लंगोट.

पावसाळ्यात दिवस भरत असतील तर आणखी थोडा विचार आधीच करून ठेवा. २०१८च्या जुलैत वसई-नालासोपाऱ्यात रुळांवर पाणी चढलं आणि लोकल थांबल्या, तेव्हा ज्यांच्या घरात ओली बाळंतीण होती त्यांना विचारा. अर्नाळा किल्ल्याच्या आणि पाणजू बेटाच्या मंडळींना तर होडीशिवाय रस्ता नाही. तिथल्या गरोदर बाईनं शेवटचे दोन-तीन आठवडे आणि बाळंतपणानंतरचा महिना शक्यतो किनाऱ्याच्या या बाजूला, माहेरी किंवा नातलगांकडे काढावा. ते जमणार नसेल तर रात्री-अपरात्री होडी काढेल अशा माणसाशी आधी बोलून ठेवा, आणि त्याचा नंबर बाळाच्या बाबांच्या मोबाइलमध्ये तसाच आजीच्या मोबाइलमध्येही टाका, कारण बाबा दिवसा चर्चगेटला कामावर असतात.